शर्यतीच्या निकालावर मत मांडण्यापूर्वी: मोटरस्पोर्टच्या बातम्या वाचण्याची आणि त्यांवर लिहिण्याची रीत

शर्यत संपली की निकाल लागला, ही समजूत मोटरस्पोर्टमध्ये चालत नाही. 2025च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासची फॉर्म्युला वन शर्यत भारतीय वेळेनुसार रविवारी सकाळी संपली, तेव्हा मॅकलारेनचा लँडो नॉरिस दुसरा आणि त्याचा सहकारी ऑस्कर पियास्त्री चौथा होता. काही तासांनी दोघांचीही नावे निकालातून वगळण्यात आली आणि विश्वविजेतेपदाचे गणित नव्याने मांडावे लागले. मराठीत या खेळावर लिहिणारे, बोलणारे आणि मित्रमंडळींत हिरिरीने वाद घालणारे आता पुष्कळ आहेत. त्यांचे खेळावर प्रेम आहे यात शंका नाही, पण मत तयार होते ते बहुधा काही सेकंदांच्या चित्रफितीवर आणि आवडत्या चालकाच्या बाजूने. मत ठाम असायलाच हवे. मात्र ते आधी नियमाविषयी आणि नियम राबवणाऱ्यांविषयी असावे, चालकाविषयी नंतर, असे मला वाटते. ते कसे साधावे, हे अलीकडच्या घटनांच्या आधारे पुढे मांडले आहे.

बातमी कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखावे

शिक्षेची बातमी आली की सर्वप्रथम एक प्रश्न विचारावा: येथे काही मोजले गेले आहे, की कोणीतरी पाहून ठरवले आहे? क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार नो-बॉलचा आणि दुसरा पायचीतचा. तांत्रिक नियमभंग मोजपट्टीवर किंवा वजनकाट्यावर सिद्ध होतो, तर चालकांमधील धक्काबुक्की, सीमारेषा ओलांडणे, दुसऱ्याला बाहेर ढकलणे या गोष्टी स्टुअर्ड, म्हणजे त्या शर्यतीसाठी नेमलेले पंचमंडळ, स्वतःच्या विवेकाने ठरवते. या दोन्हींवर एकाच पद्धतीने टीका करणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे.

लास व्हेगासचे उदाहरण जरा जवळून पाहू. फॉर्म्युला वन गाडीच्या तळाला एक फळी बसवलेली असते. नवी असताना तिची जाडी 10 मिलिमीटर असते आणि शर्यतीनंतर ठरावीक ठिकाणी मोजल्यावर ती 9 मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. गाडी जमिनीच्या जितकी जवळ धावेल तितकी तळाखालची हवा तिला रस्त्याकडे अधिक खेचते आणि वळणावरचा वेग वाढतो. म्हणून गाडी फार खाली बसवण्याचा मोह प्रत्येक संघाला असतो आणि त्या मोहाला लगाम घालण्याचे काम ही फळी करते. नॉरिसच्या गाडीची फळी एका ठिकाणी मर्यादेपेक्षा 0.12 मिलिमीटरने आणि पियास्त्रीच्या गाडीची 0.26 मिलिमीटरने कमी भरली. संघाने मुद्दाम काही केले नव्हते, गाडी अपेक्षेपेक्षा अधिक उसळत होती, हे स्टुअर्डनीही मान्य केले. तरीही दोघे बाद झाले.

त्यावर लगेच ओरड झाली की इतक्या सूक्ष्म फरकासाठी एवढी कठोर शिक्षा कशासाठी. माझ्या मते शिक्षा योग्य होती आणि तिच्यावर लिहिणाऱ्याने 'हेतू नव्हता' हा युक्तिवाद पुढे करू नये, कारण खाली बसलेल्या गाडीला मिळणारा वेग हेतू पाहून मिळत नाही. प्रमाणाचा प्रश्न मात्र रास्त आहे. फरक जितका, तितकी शिक्षा अशी पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था असावी का, यावर जरूर लिहावे. मला ती नको वाटते. तसे केले तर संघ शिक्षेची किंमत आणि मिळणारा लाभ यांचा हिशेब मांडून नियम मोडू लागतील, आणि हिशेबात या संघांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. या निर्णयाने नॉरिसचे 18 गुण गेले. तो 390 गुणांवर राहिला, तर पियास्त्री आणि मॅक्स व्हर्स्टापेन प्रत्येकी 366 गुणांवर आले. पुढे अबू धाबीत नॉरिसने विजेतेपद मिळवले ते अवघ्या दोन गुणांच्या फरकाने, 423 विरुद्ध 421. मिलिमीटरचा दहावा हिस्सा हंगामाला कुठवर नेऊ शकतो, हे यावरून लक्षात येईल.

तांत्रिक निकालावर लिहिताना 'काय घडले' याच्या पुढे जाऊन 'कसे घडले' हे शोधणे हेच खरे काम असते. 2024मध्ये बेल्जियममधील स्पा येथे जॉर्ज रसेलने एकाच पिट स्टॉपवर, म्हणजे टायर बदलायला पिट या संघांच्या कामाच्या जागी एकदाच थांबून, शर्यत जिंकली आणि नंतर त्याची गाडी 798 किलोच्या किमान वजनापेक्षा दीड किलोने हलकी भरल्यामुळे विजय त्याचा सहकारी लुईस हॅमिल्टन याच्याकडे गेला. एकच संच टायर फार काळ वापरल्याने रबर झिजले आणि त्याबरोबर वजनही गेले. त्यात आणखी एक बारकावा असा की इतर सर्किटांवर शर्यतीनंतरच्या संथ फेरीत चालक रस्त्याच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे मुद्दाम टायरला चिकटवून घेतात आणि त्यामुळे वजनात थोडी भर पडते. स्पाला मात्र गाड्या पहिल्या वळणानंतरच मागे वळून पिटमध्ये येतात, त्यामुळे ती सोय नसते. एवढे सांगितले की वाचकाला निकालही कळतो आणि रसेलच्या धाडसाची किंमतही कळते.

निर्णयाचा कागद वाचावा

स्टुअर्डचा प्रत्येक निर्णय एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक नियामक संस्था, आपल्या संकेतस्थळावर क्रमांक देऊन प्रसिद्ध करते. तो एक-दोन पानांचा असतो आणि त्याची मांडणी ठरलेली असते: गाडीचा क्रमांक आणि चालक, संघ, वेळ, सत्र, घडलेली गोष्ट, मोडलेला नियम, निर्णय आणि शेवटी कारणे. बातम्यांमध्ये येते ते 'निर्णय' या रकान्यातले. मत बनवायला उपयोगी पडते ते 'कारणे' या रकान्यातले. स्टुअर्डनी कोणती चित्रफीत पाहिली, चालक सुनावणीला आला होता का, त्याने स्वतः काय कबूल केले, शिक्षा सौम्य किंवा कडक करण्याचे कारण काय, हे सारे तेथे सापडते. 'घडलेली गोष्ट' हा रकाना मात्र विशेष काळजीने वाचावा, कारण बऱ्याचदा आपण ज्या धडकेवर संतापलेले असतो तिच्यासाठी शिक्षा झालेलीच नसते. ती झालेली असते सेफ्टी कारमागे (धोक्याच्या वेळी सर्वांना संथ धावायला लावणाऱ्या गाडीमागे) अंतर न राखल्याबद्दल किंवा पिटमध्ये वेग ओलांडल्याबद्दल.

हा कागद यायला वेळ लागतो. युरोपातील शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात आणि चौकशी लांबली तर निर्णय रात्री उशिरा येतो. शर्यतीच्या रात्री लिहायचेच असेल तर निकालाला 'तात्पुरता' हे विशेषण न विसरता लावावे आणि दंडावरचे मत दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे.

जेथे माणूस ठरवतो तेथे

धडकांवरचे मत बनवण्यासाठी चालकांच्या वर्तनाची मार्गदर्शक तत्त्वे माहीत असणे आवश्यक आहे. एफआयएने ती 2025च्या जूनमध्ये प्रथमच सर्वांसाठी खुली केली. त्यांचा गाभा थोडक्यात असा: आतल्या बाजूने मागे टाकू पाहणाऱ्या गाडीचा पुढचा आस (पुढच्या दोन चाकांना जोडणारी रेषा) वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपूर्वी आणि त्या बिंदूवरही दुसऱ्या गाडीच्या आरशापर्यंत तरी पोहोचलेला असावा, बाहेरून जाणाऱ्याचा पुढचा आस तर त्या बिंदूवर दुसऱ्याच्या पुढच्या आसाच्याही पुढे असावा. ही अट पूर्ण झाली तर त्या गाडीला जागा मिळण्याचा हक्क, नाही तर नाही.

2025च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये सेफ्टी कार आत गेल्यावर पियास्त्रीने पहिल्या वळणावर आतल्या बाजूने किमी अँटोनेलीशेजारी गाडी घातली. ब्रेकखाली त्याचे पुढचे चाक अडले, तो अँटोनेलीला लागला आणि अँटोनेली शार्ल लक्लेर्कवर आदळून लक्लेर्कची शर्यत संपली. आरशाची अट पूर्ण झाली नाही म्हणून पियास्त्रीला 10 सेकंदांचा दंड झाला. येथे मला स्टुअर्डवर टीका करावीशी वाटत नाही. त्यांनी हाती दिलेली पट्टी लावली. टीका करायची ती पट्टीवर. या पट्टीमुळे वळणाच्या बिंदूवर नाक कोणाचे पुढे आहे एवढाच प्रश्न उरतो आणि बाहेरची गाडी आतल्या गाडीला पाहूनही आपली रेषा किती आवळते आहे, याला पुरेसे वजन मिळत नाही. सर्वाधिक नुकसान सोसलेल्या लक्लेर्कनेही दोष एकट्या पियास्त्रीला दिला नाही, ही गोष्ट लिहिणाऱ्याने नोंदवायला हवी. 'स्टुअर्ड आंधळे आहेत' हे वाक्य सोपे आहे. 'तत्त्व क्रमांक अमुक चुकीच्या वर्तनाला बक्षीस देते' हे सिद्ध करायला कष्ट पडतात, पण बदल घडला तर तो दुसऱ्या प्रकारच्या वाक्याने घडतो.

याच प्रकारातला सर्वांत मोठा वाद म्हणजे 12 डिसेंबर 2021चे अबू धाबी. निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, सेफ्टी कार आली आणि शर्यत संचालक मायकल मासी यांनी एक फेरी मागे असलेल्या गाड्यांपैकी फक्त हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन यांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले, शिवाय सेफ्टी कार नियमाने जेव्हा आत यायला हवी होती त्याच्या एक फेरी आधीच आत बोलावली. ताज्या टायरांवर असलेल्या व्हर्स्टापेनने अखेरच्या फेरीत हॅमिल्टनला मागे टाकले आणि पहिले विश्वविजेतेपद जिंकले. यावर आजही दोन तट पडतात आणि दोन्ही तट चालकांच्या नावाने भांडतात. माझे मत स्पष्ट आहे: कार्यपद्धती मोडली गेली होती आणि ती मोडण्यात व्हर्स्टापेनचा काहीही दोष नव्हता. ही दोन विधाने एकाच लेखात शेजारी शेजारी नांदू शकतात. 2022च्या मार्चमध्ये एफआयएच्या अहवालाने मानवी चूक झाल्याचे मान्य केले, निकाल कायम ठेवला. त्यापूर्वीच मासी यांना पदावरून हटवण्यात आले होते आणि संघप्रमुखांनी रेडिओवरून शर्यत संचालकाशी थेट हुज्जत घालण्याचा मार्गही बंद करण्यात आला. या शेवटच्या सुधारणेकडे फार थोड्यांचे लक्ष गेले, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण लाखो लोक ऐकत असताना दोन बलाढ्य संघप्रमुख कानाशी ओरडत असलेल्या माणसाकडून थंड डोक्याच्या निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे होते.

मोटोजीपीवर लिहिताना हवेचा दाब समजून घ्यावा

दुचाकींच्या शर्यतीत मात्र डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवून मत बनवणे विशेष धोक्याचे आहे. 2025च्या मार्चमध्ये थायलंडमधील बुरीराम येथे मार्क मार्केझ आघाडीवर होता आणि त्याने वेग कमी करून धाकट्या भावाला, अॅलेक्सला, पुढे जाऊ दिले. बऱ्याच फेऱ्या तो त्याच्या मागे राहिला आणि शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. पाहणाऱ्या अनेकांना वाटले की गाडीत बिघाड आहे किंवा भावांचे काही संगनमत आहे. प्रत्यक्षात कारण पुढच्या टायरमधील हवेच्या दाबाचे होते.

नियम असा आहे की मुख्य शर्यतीच्या किमान 60 टक्के फेऱ्यांत पुढच्या टायरचा दाब 1.8 बारच्या खाली जाता कामा नये. गेला तर निकालात 16 सेकंद वाढवले जातात. छोट्या स्प्रिंट शर्यतीत ही अट 30 टक्के फेऱ्यांची आणि दंड 8 सेकंदांचा. आता यातली अडचण पाहावी. दुसऱ्या गाड्यांच्या मागे धावताना पुढच्या चाकावर गरम हवा येते, टायर तापतो आणि दाब चढतो. मोकळ्या रस्त्यावर एकटे पुढे धावताना गार हवा मिळते आणि दाब उतरतो. आपला चालक गर्दीत अडकेल की आघाडी घेईल, याचा अंदाज संघाला सुरुवातीच्या आधीच बांधून टायरमध्ये हवा भरावी लागते. अंदाज चुकला आणि चालक अपेक्षेपेक्षा चांगला निघाला, तर शिक्षा त्या चांगलेपणालाच होते. मार्केझला ती टाळण्याइतका वेग हाताशी होता. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी कतारमध्ये मॅव्हरिक विन्यालेसला तो नव्हता. त्याने अप्रतिम शर्यत करून दुसरा क्रमांक मिळवला आणि 16 सेकंदांच्या दंडाने तो चौदाव्या क्रमांकावर फेकला गेला.

दाब फार कमी झाला तर टायरच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो, हे टायर पुरवणाऱ्या मिशलिनचे म्हणणे आहे आणि ते धुडकावून लावण्यासारखे नाही. पण सुरक्षिततेचा नियम असा असावा की तो पाळणे चालकाच्या किंवा संघाच्या हाती असेल. समोरच्याने मला पुढे जाऊ दिले की नाही, यावर माझा टायर कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरणार असेल, तर तो नियम मला मान्य होत नाही. 2027पासून मोटोजीपीत इंजिने 1000 ऐवजी 850 सीसीची होतील, गाडीची उंची खाली-वर करणारी साधने बंद होतील, हवेचे पंख आटोक्यात येतील आणि टायर पिरेली पुरवील. त्या वेळी या नियमाचे काय होते, याकडे मोटोजीपीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्ष ठेवावे, कारण पंखांमुळेच मागच्या गाडीवर इतकी गरम आणि गढूळ हवा येते.

पंच कोणाचा आहे ते विचारावे

अमेरिकेतील इंडीकार मालिकेच्या बातम्या वाचताना हा प्रश्न टाळताच येत नाही. रॉजर पेन्स्के यांच्याकडे तेथील सर्वांत नामवंत संघ आहे. इंडियानापोलिसचे सर्किट आणि खुद्द इंडीकार मालिकाही 2020पासून त्यांच्याच समूहाच्या मालकीची आहे. 2024च्या मार्चमध्ये त्यांच्या संघाचा जोसेफ न्यूगार्डन सेंट पीटर्सबर्गची पहिली शर्यत जिंकला. जादा शक्ती देणारे 'पुश टू पास' बटण शर्यत सुरू होताना किंवा पुन्हा सुरू होताना चालता कामा नये, पण त्याच्या गाडीत ते चालत होते, असे नंतर उघड झाले आणि एप्रिलमध्ये त्याचा विजय काढून पॅटो ओवर्डला देण्यात आला. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिस 500च्या पात्रता फेरीत त्याच संघाच्या गाड्यांच्या मागील धक्काशोषक भागात नियमबाह्य फेरफार आढळला. न्यूगार्डन आणि विल पॉवर यांना रांगेच्या शेवटी पाठवण्यात आले आणि पेन्स्के यांनी आपल्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना कामावरून काढले.

अशा वेळी 'पेन्स्के यांनी पंचांवर दबाव आणला' असे लिहू नये, कारण त्याला पुरावा नाही. उलट दोन्ही वेळा शिक्षा झाली आहे. लिहायचे ते हे की खेळाडूंचा मालक, मैदानाचा मालक आणि पंचांचा मालक एकच असेल तर शिक्षा झाली तरी शंका राहते आणि न झाली तरी राहते, आणि यात सर्वाधिक नुकसान प्रामाणिक पंचाचे होते. त्यानंतर पंचगिरी स्वतंत्र मंडळाकडे सोपवण्याचा निर्णय झाला. तो आधीच व्हायला हवा होता.

अमेरिकेतल्याच नॅसकार या मोटारशर्यतींच्या मालिकेत हितसंबंधांचा प्रश्न थेट न्यायालयात गेला. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन भागीदार असलेला 23एक्सआय संघ आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स यांनी 2024मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि 2025च्या डिसेंबरमध्ये सुनावणी चालू असतानाच तडजोड होऊन संघांचे सहभागाचे परवाने कायमस्वरूपी करण्यात आले. अशा खटल्यांवर लिहिताना वकिलांच्या विधानांपेक्षा न्यायालयात दाखल झालेल्या कागदांना अधिक महत्त्व द्यावे.

पल्ल्याच्या शर्यतींत म्हणजे ले मान्स आणि जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत अडचण याहून वेगळी आहे. तेथे निरनिराळ्या रचनेच्या गाड्या एका पातळीवर आणण्यासाठी आयोजक प्रत्येक गाडीचे वजन आणि शक्ती ठरवून देतात. या व्यवस्थेला 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' म्हणतात. 2023मध्ये ले मान्सच्या शताब्दीच्या शर्यतीला थोडे दिवस उरले असताना टोयोटाला 37 किलो आणि फेरारीला 24 किलो वजन वाढवून देण्यात आले. फेरारी तब्बल 50 वर्षांनी सर्वोच्च गटात परतली होती. ती जिंकली आणि पुढे 2024 व 2025मध्येही जिंकली. फेरारीचा विजय केवळ वजनामुळे झाला असे म्हणणे त्या चालकांवर अन्याय करणारे आहे, पण वजनाचा उल्लेखच न करता तो विजय सांगणे ही वाचकाची फसवणूक आहे. या व्यवस्थेविषयी संघांनी जाहीर बोलू नये असा नियम आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. संघांची तोंडे बंद असतील तर आकडे वाचकांपुढे मांडण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावरच येते. प्रत्येक फेरीपूर्वी प्रसिद्ध होणारा तक्ता जपून ठेवावा आणि मागच्या तक्त्याशी ताडून पाहावा. एवढ्याने बरेच उलगडते.

करारांच्या बातम्या

यांवर फार शब्द खर्चू नयेत. 2 ऑगस्ट 2022 रोजी अल्पीन या फॉर्म्युला वन संघाने अधिकृत पत्रक काढून पियास्त्री पुढच्या हंगामात आपल्याकडे असेल असे जाहीर केले आणि त्याच दिवशी पियास्त्रीने ते खरे नसल्याचे सांगितले. महिन्याभराने करार मान्यता मंडळाने मॅकलारेनच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे अधिकृत पत्रकही एका पक्षाचेच म्हणणे असते. चालक, जुना संघ आणि नवा संघ या तिघांपैकी किमान दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय 'ठरले' असे लिहू नये.

भारतात शर्यत परतणार, अशी बातमी आली तर

ही बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी आपण आनंदाने ती पुढे पाठवतो. आनंद होणे साहजिक आहे, पण बातमी तपासण्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात: यजमानपदाचे शुल्क कोण भरणार, राज्य सरकारची भूमिका लेखी आहे का, कराचा प्रश्न सुटला आहे का आणि सर्किटला त्या दर्जाची मान्यता आहे का. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन 2011 ते 2013 अशी तीनच वर्षे झाली. तिन्ही शर्यती सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानून उत्तर प्रदेशात कर लावण्यात आला, साहित्यावरील सीमाशुल्काचा प्रश्न झाला आणि 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीचे भारतात कायमस्वरूपी आस्थापन होते, म्हणून तिचे येथील उत्पन्न करपात्र आहे, असा निर्णय दिला. त्याच सर्किटवर 2023च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपीची शर्यत झाली, मार्को बेझेकीने ती जिंकली आणि नंतर ती वेळापत्रकातून गेली. हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत 2023मध्ये एकदाच झाली. दुसऱ्या वर्षी राज्यात सरकार बदलल्यावर ती रद्द झाली. या तिन्ही वेळा सर्किट आणि प्रेक्षक होते. अडले ते पैसा, कर आणि सरकारी शब्द यांवर. म्हणून मंत्री किंवा उद्योजक यांच्या भेटीच्या छायाचित्रावर अग्रलेख लिहू नये.

'भारतीय' हे विशेषण वापरतानाही नेमकेपणा हवा. फॉर्म्युला ईमध्ये पहिल्या हंगामापासून असलेला महिंद्रा रेसिंग संघ मुंबईच्या महिंद्रा समूहाचा आहे, पण त्याचे काम चालते इंग्लंडमधील बॅनबरीतून. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, शर्यती जिंकल्या आणि तो फॉर्म्युला ईपर्यंत पोहोचला, तो मात्र मासेरातीच्या गाडीत बसून. नारायण कार्तिकेयनचा 2005च्या अमेरिकन ग्रां प्रीतील चौथा क्रमांक सांगताना त्या दिवशी मिशलिन टायरांच्या अडचणीमुळे 14 गाड्या माघारी गेल्या होत्या आणि शर्यत सहाच गाड्यांची झाली, हेही सांगावे. त्याने त्याची योग्यता कमी होत नाही. जॉर्डन संघाच्या कमकुवत गाडीत तो तेथवर पोहोचला हेच पुरेसे आहे.

2026च्या नियमांवर लिहिताना

2026मध्ये फॉर्म्युला वनचे इंजिन आणि गाडी दोन्ही एकाच वेळी बदलले आहेत. विजेची मोटर 120 ऐवजी 350 किलोवॉट शक्ती देते, म्हणजे एकूण शक्तीचा जवळजवळ अर्धा वाटा विजेचा झाला आहे. मागचा पंख उघडण्याची डीआरएस सोय जाऊन पुढचे आणि मागचे पंख सरळ रस्त्यावर हलणारे झाले आहेत आणि कॅडिलॅकच्या आगमनाने संघ 11 झाले आहेत. अशा वेळी 'अमुक इंजिन कमजोर' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्याऐवजी एकच इंजिन वापरणारे संघ एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. मर्सिडीजचे इंजिन मर्सिडीज, मॅकलारेन, विल्यम्स आणि अल्पीन या चौघांकडे आहे. फेरारीचे फेरारी, हास आणि कॅडिलॅककडे. रेड बुल व फोर्ड यांचे रेड बुलच्या दोन संघांकडे. एकाच इंजिनाचे दोन संघ सरळ रस्त्यावर सारखे आणि वळणांवर दूर असतील, तर फरक गाडीच्या रचनेचा आहे. होंडाचे इंजिन एकट्या अॅस्टन मार्टिनकडे आणि आउडीचे फक्त त्यांच्याच संघाकडे असल्याने तेथे ही कसोटी लावता येत नाही. त्यांच्याविषयी लिहिताना सरळ रस्त्याच्या शेवटी मोजलेला वेग आणि चालक किती आधी पाय उचलतो, या दोन गोष्टी निदान तीन वेगवेगळ्या प्रकारच्या सर्किटांवर पाहाव्यात.

लिहिलेल्या मताची देखभाल

2025च्या डच ग्रां प्रीमध्ये लियम लॉसनशी झालेल्या धडकेबद्दल कार्लोस साइंझला 10 सेकंद आणि दोन दंडगुण अशी शिक्षा झाली. विल्यम्सने नव्या चित्रफिती देऊन फेरविचार मागितला आणि सुमारे दोन आठवड्यांनी स्टुअर्डनी आपलाच निर्णय फिरवून ती शर्यतीतली साधी घटना ठरवली. दंडगुण काढले गेले. शर्यतीत भोगलेले 10 सेकंद मात्र परत मिळणे शक्य नव्हते. बारा महिन्यांत 12 दंडगुण झाले की एका शर्यतीची बंदी येते आणि 2024मध्ये केव्हिन मॅग्नुसनवर ती आलीही होती, त्यामुळे हे दोन गुण किरकोळ नव्हते. ज्यांनी शिक्षेच्या रात्री साइंझला बेजबाबदार ठरवले होते त्यांच्यापैकी फार थोड्यांनी फेरविचाराची बातमी दिली. म्हणून प्रत्येक लेखाच्या आरंभी तारीख आणि वेळ घालावी, फेरविचार किंवा अपील चालू असल्यास तसे लिहावे आणि निर्णय बदलला तर जुन्या मजकुराच्या वरच्या बाजूला, खाली कोपऱ्यात नव्हे, नवा निर्णय त्याच्या क्रमांकासह नोंदवावा.